निर्भीड सात आणि चौथा गिअर

होयबाच्या धाकट्या मुलीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळं झालं म्हणून आजी तिकडे राहायला गेली, आजी गेली म्हणून घर रिकामं झालं, घर रिकामं झालं म्हणून आजोबांच्या हाताला फोन लागला, आणि पुढचं सगळं रामायण त्या फोनमुळे घडलं. म्हणजे अगदी मुळाशी जायचं तर दोष त्या दोन तान्ह्या जिवांचा. पण त्यांना कोण बोलणार?

होयबा हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे. त्याचं केस कापायचं दुकान होतं. एक खोली, एक लांब आरसा, दोन खुर्च्या. त्यातली एक खुर्ची वर गेली की खाली येत नसे, म्हणून तिच्यावर वर्तमानपत्रं ठेवलेली असत. त्याचा धंद्यातला नियम एकच होता: खुर्चीत बसलेला माणूस बरोबर. हा नियम त्याला त्याच्या उस्तादाने शिकवला होता. उस्ताद म्हणायचा, ज्याच्या गळ्याला वस्तरा लावायचा आहे त्याच्याशी वाद घालू नये, तो हलतो.

त्यामुळे नऊ वाजता एकजण खुर्चीत बसून म्हणाला की जग बुडत चाललंय, तर होयबा म्हणे, बुडायचं काय राहिलंय. साडेनऊला दुसरा म्हणाला की इतके चांगले दिवस कधीच नव्हते, तर होयबा म्हणे, आपलं नशीब म्हणून बघायला मिळाले. दोघेही तुरटी लावून, मान हलवून, समाधानाने घरी जात.

"बत्तीस वर्षं झाली," होयबा छाती पुढे काढून सांगायचा, "माझ्या खुर्चीत एकही माणूस अजून चुकलेला नाही."

ही खोली ज्यांच्या मालकीची, ते वरच्या मजल्यावर राहत. त्यांना सगळं गाव नापासकाका म्हणे. गाडी चालवायच्या परवान्याची परीक्षा घेणारे ते अधिकारी होते, आणि सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी निम्मं गाव नापास केलं होतं. आरशात बघितलं नाही, नापास. आरशात फार वेळ बघितलं, नापास. स्वतःच्या साडूला त्यांनी दोनदा नापास केलं आणि दुसऱ्या वेळी त्याच गाडीतून त्याच्याबरोबर जेवायला गेले. गाडी अर्थात स्वतः चालवत. बायको वारलेली, मूलबाळ नाही. एक जुनी चौकोनी गाडी जिन्याखाली आच्छादन घालून उभी. दुकानाची बुधवारची सुट्टी सोडली तर रोज सव्वाआठला ते दाढी करायला खाली येत आणि पाऊण तास बोलत.

होयबाही त्यांच्या हातून नापास झाला होता. तरुणपणी. परीक्षेत त्यांनी विचारलं होतं, "इथे उजवीकडे वळायचं ना?" होयबा म्हणाला, हो काका, आणि वळला. रस्ता एकेरी होता. समोरून पाण्याचा टँकर आला.

खोलीचा करार दर पाच वर्षांनी होई, आणि नेमका त्या वर्षी संपत होता. रस्त्यापलीकडे छत्रीखाली बसून फोनची कव्हरं विकणारा एकजण होता. त्याचा या खोलीवर बरेच दिवस डोळा होता. पावसाचे चार थेंब पडले की तो माल गोळा करून होयबाच्या दारात येऊन उभा राही आणि आतल्या भिंती न्याहाळत बसे. नापासकाकांनी दोघांनाही सांगून ठेवलं होतं की ज्याच्याशी आपलं पटतं त्यालाच आपण जागा देणार. आणि नापासकाकांचं पटायचं कुणाशी? अख्ख्या गावात एका होयबाशी. तेव्हा होयबा निर्धास्त होता. दुसरीकडे कुठे जाऊन नव्याने गिऱ्हाईक जमवायचं त्याचं वयही राहिलं नव्हतं.

तर फोन. जावयाने तो नातवंडांचे फोटो बघायला पाठवला होता. फोटो बघायला दहा मिनिटं लागत, कारण दोघं सारखीच दिसायची आणि एकाचा बघितला की दुसऱ्याचा बघितल्यासारखंच होई. दुपारी एक ते चार दुकान बंद. बायको घरात असताना हे तीन तास कसे जात ते त्याला कळत नसे. आता एकेक मिनिट कळू लागलं. फोनवर बोट फिरवता फिरवता त्याला एक चर्चेचा कट्टा सापडला. तिथे कुणीही यावं, कोणतंही नाव घ्यावं आणि कुणाशीही भांडावं, अशी सोय होती.

होयबाने दोन दिवस नुसतं वाचलं. तिसऱ्या दिवशी कुणीतरी लिहिलं की टक्कल लपवायला बाजूचे केस वाढवून वरून फिरवावेत, त्यात काही गैर नाही. बत्तीस वर्षांत हे वाक्य त्याने शेकडो वेळा ऐकलं होतं आणि शेकडो वेळा मान डोलावली होती. आता मात्र त्याच्या लक्षात आलं की हा माणूस आपल्या खुर्चीत बसलेला नाही. त्याने नाव नोंदवायला घेतलं. निर्भीड हे नाव त्याला आवडलं, पण आधीच सहा निर्भीड येऊन बसले होते, म्हणून तो झाला निर्भीड सात. आणि एका बोटाने, अर्धा तास घेऊन, त्याने आयुष्यातलं पहिलं विरोधी वाक्य लिहिलं: "चूक. साफ चूक."

लिहिल्यावर त्याने उठून दाराला कडी आहे ना ते बघितलं. मग पाणी प्यायला. मग बसून आणखी सहाजणांना चूक ठरवलं.

बत्तीस वर्षं गिळलेलं सगळं त्या दुपारपासून वर यायला लागलं. जगाचं राजकारण, सिनेमे, गाड्या, हवामान, कशावरही तो मागे हटेना. शेवटी एक ठरलेली ओळ टाकी: "हे माझं नम्र मत आहे, आणि बरोबर आहे." चार वाजता फोन बंद करून दुकान उघडी, आणि पहिलं गिऱ्हाईक बसलं की पुन्हा, हो ना, अगदी खरं.

तिथे त्याला एक तोलामोलाचा भेटला. नाव चौथा गिअर. दोन देशांचं एका बेटावरून भांडण चाललं होतं त्या दिवसांत. बेटावर माणूस एकही नाही, नुसते पक्षी. चौथ्या गिअरचं म्हणणं, जो आधी पोचला त्याचं बेट, जसं गाडी उभी करायची जागा. निर्भीड सातचं म्हणणं, मग ते पक्ष्यांचं. यावर चौथ्या गिअरने एवढं लांब उत्तर दिलं की ते वाचताना होयबाचा अंगठा दुखला. तिथून दोघं सिनेमावर गेले. एक जुना सिनेमा होता, त्यात दीपगृहाचा रखवालदार वैऱ्याचं जहाज येताना बघून दिवा विझवतो. चौथा गिअर म्हणे, कर्तव्यदक्ष माणूस. निर्भीड सात म्हणे, मुळीच नाही. दिवा लावण्याचा पगार घेतो तर जहाज कुणाचं हे बघायचं त्याला कारण नाही. मग गाड्या. चौथा गिअर म्हणे, हाताने गिअर टाकायची तीच गाडी, बाकीची खेळणी. निर्भीड सातने लिहिलं की आपोआप गिअर बदलणारी गाडी शहाण्याने घ्यावी, आणि ज्याला हाताने काही हलवायची हौस असेल त्याने घरी पाळणा हलवावा. पाळणा त्याच्या डोक्यात होताच.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला नापासकाका येऊन बसले. होयबाने फेस लावला, वस्तरा उचलला. काका म्हणाले, "काल एका गाढवाने मला लिहिलं की मी पाळणा हलवावा."

होयबाचा हात काकांच्या कानाखाली थांबला.

काका बोलत राहिले. कुणी निर्भीड सात म्हणून आहे, महिनाभर डोकं खातोय, आयुष्यात स्टिअरिंगला हात लावलेला दिसत नाही. सगळा प्रकार सांगून त्यांनी आरशातून विचारलं, "तुला काय वाटतं? गाढवच ना?"

नियम म्हणजे नियम. "गाढवच," होयबा म्हणाला.

"नुसतं गाढव?"

"नुसतं कसं म्हणायचं, काका. मोठं आहे."

खरं तर इथेच होयबाने तो कट्टा सोडायला हवा होता. त्याने ठरवलंही तसंच. एक वाजता दुकान बंद करताना ठरवलं, सव्वा वाजता जेवताना पुन्हा ठरवलं, आणि दीड वाजता बघितलं तर चौथ्या गिअरने लिहिलेलं: "निर्भीड साहेब, माझ्या ओळखीच्या एका अत्यंत सुज्ञ माणसाचंही मत आहे की आपण गाढव आहात." आता यावर गप्प कसं बसायचं? होयबाने उत्तर दिलं की त्या सुज्ञ माणसाला स्वतःची अक्कल नसावी.

दुसऱ्या दिवशी काकांनी ते त्याला वाचून दाखवलं. "तुला बोलला तो," काका म्हणाले. होयबाला खरंच राग आला.

इथून पुढे प्रकरण हाताबाहेर गेलं. काका म्हणाले, आपण दोघं मिळून या माणसाला धडा शिकवू. रोज सकाळी दाढी होता होता निर्भीड सातला द्यायचं उत्तर तयार होऊ लागलं. काकांना शब्द सापडला नाही की ते आरशात होयबाकडे बघत, आणि होयबाला शब्द पुरवावा लागे. आणि त्याला तो पुरवता येई, कारण निर्भीड सात कुठे कच्चा आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? एकदा बेटाच्या बाबतीत त्याने काकांना असा मुद्दा काढून दिला की पक्षी स्थलांतर करतात, सहा महिने तिकडे नसतातच, मग बेट त्यांचं कसं. काका खूश. दुपारी होयबा फोन घेऊन बसला आणि त्या मुद्द्याला काही उत्तर सुचेना. तीन तास बसला. सकाळचा होयबा दुपारच्या होयबाला भारी पडला होता.

काका मात्र दिवसेंदिवस तरुण होत चालले. पायऱ्या दोन-दोन उतरायला लागले. गाडीचं आच्छादन काढून ती पुसायला लागले. बोलता बोलता म्हणाले, कराराची काळजी करू नकोस, तुझ्यासारखा माझ्या मताचा माणूस दुसरा नाही. दारात उभ्या असलेल्या कव्हरवाल्याने ते ऐकलं आणि तोंड पाडून छत्रीखाली गेला.

मग एके दिवशी काकांनी सकाळी काही न विचारता, परस्पर, कट्ट्यावर आव्हान टाकलं. लपून काय बोलतोस, समोर ये. येत्या रविवारी दहा वाजता, अमुक रस्त्यावर, अमुक दुकानात. पत्ता होयबाच्या दुकानाचा. आणि खाली लिहिलं: दुकानदार अत्यंत निःपक्षपाती गृहस्थ आहे, तो पंच राहील. येतोस का?

होयबाने दोन दिवस उत्तर दिलं नाही. काका सकाळी हसत, पळपुटा म्हणत. कट्ट्यावरचे इतरही पळपुटा म्हणू लागले. पळपुटाच म्हणवून घेतलं असतं तर निभावलं असतं. पण तिसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा तोच प्रश्न टाकला, येतोस का, आणि होयबाच्या बोटाने, डोक्याला न विचारता, बत्तीस वर्षांच्या सवयीने लिहून टाकलं: "हो."

त्याच आठवड्यात शुक्रवारी बायको परत आली. जुळ्यांना आता मान धरता येत होती. तिने पिशव्या खाली ठेवल्या, नवऱ्याचं तोंड बघितलं आणि विचारलं काय झालं. होयबाने सगळं सांगितलं. ती ऐकत बसली. मग म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्हाला मतं आहेत?"

"आहेत थोडी."

"तेहतीस वर्षं मी या घरात बोलतेय, कधी उलट शब्द नाही. मला वाटायचं, पटतं तुम्हाला." असं म्हणून ती आत गेली. भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजली. ते प्रकरण वेगळं निस्तरावं लागणार होतं.

तोड मात्र तिनेच काढली. तिचा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. काकांनी त्याला कधी बघितलेलं नव्हतं. रविवारी त्याने निर्भीड सात म्हणून यावं, अर्धा तास बोलावं, हरून जावं, विषय संपला. मेहुणा लगेच तयार झाला. तो कशालाही तयार होई. दिवसभर लिफ्टच्या खड्ड्यात एकटा बसून त्याला माणसांची फार हौस. शनिवारी होयबाने त्याला तीन तास शिकवलं. बेट पक्ष्यांचं, रखवालदार चुकला, गाडी आपोआप गिअरची. मेहुण्याने ते दुरुस्तीच्या पावतीपुस्तकात मागच्या बाजूला लिहून घेतलं. जाताना म्हणाला, "दाजी, पण ते आपोआप गिअरचं खरंय का? खर्च फार येतो हो दुरुस्तीला."

"तुझं मत कुणी विचारलंय?" होयबा म्हणाला. हे वाक्य त्याने जन्मात पहिल्यांदा उच्चारलं असावं.

रविवारी दहाला काका इस्त्रीचा शर्ट घालून खाली आले आणि थेट खुर्चीत बसले. शत्रूसमोर दाढीचे खुंट घेऊन बसणं त्यांना पसंत नव्हतं. वाद आणि दाढी बरोबरच होऊ दे म्हणाले. मेहुणा बाकावर. कव्हरवाला दारात. होयबाची बायको त्याच्या मागे, हातात भाजीची पिशवी, जणू सहज थांबली होती.

होयबाने फेस लावला आणि उजव्या गालापासून सुरुवात केली.

काकांनी आरशातून मेहुण्याकडे बघून बेटाचा मुद्दा मांडला. ते छान बोलले. अर्धं होयबानेच शिकवलेलं होतं. आता मेहुण्याने पक्षी काढायचे. मेहुण्याने पावतीपुस्तक उघडलं, बघितलं, मिटलं आणि म्हणाला, "असं बघितलं तर तुमचं बरोबर वाटतंय हो."

होयबा खोकला. काकांच्या भुवया वर गेल्या. ते म्हणाले, एवढे दोन महिने भांडलात ते काय मग? मेहुणा म्हणाला, तेव्हा असं कुणी समजावून सांगितलं नव्हतं.

सिनेमा निघाला. मेहुण्याने तो बघितलेला नव्हता. तो म्हणाला, रखवालदाराने जहाजातून उतरायलाच नको होतं. काका म्हणाले, रखवालदार जहाजात कधी होता? मेहुणा म्हणाला, मग दिवा कुणी विझवला? दोन महिने घासून घासून धार लावलेले त्याचे मुद्दे, एकेक शब्दासाठी अर्धा अर्धा तास घालवलेला, आणि हा माणूस ते बोथट कात्रीसारखे चालवत होता. उजवा गाल झाला. वस्तरा पट्ट्यावर घासताना तो नेहमीपेक्षा जास्त घासला गेला.

मग काका गाड्यांवर आले. त्यांनी खुर्चीत बसल्या बसल्या हात पुढे करून हवेत गिअर टाकून दाखवले, पहिला, दुसरा, तिसरा, चौथा. आणि म्हणाले, "दीपगृहाचं सोडा. पण आपोआप गिअरची गाडी घेणारा माणूस आळशी असतो, एवढं तरी कबूल?"

"आळशीच," मेहुणा म्हणाला. "शिवाय दुरुस्तीला खर्च."

काकांनी विजयी मुद्रेने आरशात पंचाकडे बघितलं. "काय रे? संपलं की नाही? तुझं काय मत?"

खुर्चीत बसलेला माणूस बरोबर. होयबाने तोंड उघडलं ते होय म्हणायलाच. पण आतून आलं ते असं: "काका, चुकताय तुम्ही."

दुकानात कुणी हललं नाही. काकाही नाही, उस्तादाचं तेवढं मात्र खोटं ठरलं.

एकदा बूच निघाल्यावर बाटली कुणाच्या हातात राहते? ज्याचा डावा पाय अधू आहे त्याने काय करायचं, होयबाने विचारलं, ज्याचं वय झालंय त्याने काय करायचं, तो आळशी कसा? गिअर हा माणसाला कुठेतरी पोचवायला असतो, पराक्रम गाजवायला नसतो. आणि दिवा लावायचा पगार घेणाऱ्याने दिवा लावावा. आणि पक्षी सहा महिने जातात, पण परत येतात, तुम्ही गावाला गेलात तर वरचा मजला काय माझा होतो का? वस्तरा हवेत, डाव्या गालावरचा फेस वाळत चाललेला, आणि शेवटी दम लागल्यावर तो सवयीने म्हणाला, "हे माझं नम्र मत आहे, आणि बरोबर आहे."

काकांनी बाकावरच्या मेहुण्याकडे बघितलं. मग होयबाकडे. मग पुन्हा मेहुण्याकडे. मेहुणा म्हणाला, "मी लिफ्टचं काम करतो, काका."

नापासकाका उठले. गळ्यातला नॅपकिन तसाच, डावा गाल फेसाने भरलेला. ते दुकानाबाहेर पडले आणि जिना चढून वर गेले. एकेक पायरी. शेवटची पायरी चढेपर्यंत सगळ्यांना ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सव्वाआठला खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही. काका दुसऱ्या दुकानातही गेले नाहीत. अर्धी दाढी घेऊन जायचं तर तो कारागीर पहिलं विचारणार की ही कुणी सोडली. घरी स्वतः करायची त्यांना सवय नव्हती. त्यामुळे ते बाहेरच पडेनात. कधी गॅलरीत दिसत. आधी डाव्या गालावर पांढरी सावली, आणि मग तीन-चार दिवसांनी उजवा गालही मागून यायला लागला, पण डाव्याला गाठेना. त्यांच्या तोंडाकडे बघितलं की भिंतीवरचं चित्र तिरकं लागलंय असं वाटे.

कव्हरवाल्याला मात्र दिवस बरे आले. तो दोनदा काकांकडे वर जाऊन आला. पाचव्या दिवशी तो मोजपट्टी घेऊन होयबाच्या दुकानात आला आणि माफी मागत मागत मागची भिंत मोजून गेला. करार संपायला अकरा दिवस राहिले होते. होयबाने ती मोडकी खुर्ची कुणी विकत घेईल का याची चौकशी सुरू केली. बायको एकदा म्हणाली, "खरं एकदाच बोललात, तेही मालकाला."

कट्ट्यावर चौथा गिअर गप्प होता. होयबा दुपारी बघे आणि फोन ठेवून देई. आठव्या दिवशी त्याने ठरवलं की चूक आपली आहे, तर माफी आपणच मागावी, आणि ती निर्भीडपणे, सर्वांसमोर मागावी. त्याने लिहिलं: "चौथा गिअर, आपलं बरोबर आहे. बेटाचं, सिनेमाचं आणि गाडीचंही. निर्भीड सात."

नवव्या दिवशी सकाळी सात वाजता, दुकान झाडून व्हायच्या आत, नापासकाका दारात उभे. एका बाजूला जास्त, एका बाजूला कमी दाढी. हातात फोन.

"हे तू लिहिलंस?"

"हो काका."

"खरं वाटतं तुला हे?"

होयबाने झाडू भिंतीला टेकवला. काका खुर्चीत बसलेले नव्हते, उंबऱ्यात उभे होते. नियम लागू होत नव्हता.

"नाही," तो म्हणाला.

"मग का लिहिलंस?"

"जागेसाठी."

काका आत आले. त्यांनी मोडक्या खुर्चीवरच्या वर्तमानपत्रांवर फोन ठेवला. "बत्तीस वर्षं मी या आरशाशी बोलत होतो," ते म्हणाले. "मला वाटायचं, माणसाशी बोलतोय. मग दोन महिने एकजण भेटला. उठून बसायला लावायचा मला. दुपारी झोप लागायची नाही, याला काय उत्तर द्यावं म्हणून. आणि काल तो पण म्हणतो, आपलं बरोबर आहे." फोनकडे बोट करून म्हणाले, "त्यालाही मारलंस तू."

होयबाने विचारलं की जागा कव्हरवाल्याला दिली का.

काका म्हणाले, द्यायचीच होती. वर बोलावलं होतं त्याला. बेटाचं विचारलं, तर म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. सिनेमाचं विचारलं, तर म्हणाला, तुम्हाला आवडला म्हणजे चांगलाच असणार. मग मुद्दाम सांगितलं की गाडी आपोआप गिअरचीच चांगली. तर म्हणाला, वा काका, अगदी माझ्या मनातलं. "आणखी पाच वर्षं तेच ऐकायचं?" काका म्हणाले. "नापास केला त्याला."

मग ते खुर्चीत बसले आणि मान मागे टेकली. "अर्धी राहिली आहे. कर. आणि बोल."

"काय बोलू?"

"बेटाचं. मी म्हणतो, जो आधी पोचला त्याचं."

होयबाने फेस केला. डाव्या गालाला ब्रश लावला आणि म्हणाला, "काका, साफ चूक."

काका हलले. हनुवटीखाली बारीकसं कापलं. तुरटी लावावी लागली. पण त्या दिवशी ते दहापर्यंत बसले, आणि बाहेर दोन गिऱ्हाइकं ताटकळून निघून गेली. करार त्याच आठवड्यात झाला.

होयबा निर्भीड झाला असं समजू नका. बातमी गावात पसरली तशी बाकीची गिऱ्हाइकंही खरं मत मागू लागली. चष्मेवाल्याने विचारलं, बाजूचे केस वरून फिरवले की टक्कल दिसत नाही ना? होयबाने खरं सांगितलं. तो माणूस पुन्हा आला नाही. आणखी दोघांना खरं सांगितल्यावर तेही आले नाहीत. बायको म्हणाली, आता पुरे. तेव्हा त्याने बेत आखून घेतला: एका माणसाशी वाद, बाकी जगाला होय. घरी कसं वागायचं याचा निर्णय बायकोने स्वतःकडे ठेवला.

सव्वाआठचा वाद मात्र रोज झाला. बेटाचं भांडण त्या दोन देशांनी मिटवलं, यांनी मिटवलं नाही.

नापासकाका वारले त्यानंतर साडेचार वर्षांनी, एका बुधवारी, सकाळी अकराच्या सुमारास, वरच्या मजल्यावर, खुर्चीत बसल्या बसल्या. वय ब्याऐंशी होतं. बुधवारी दुकानाला सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी त्यांची दाढी झालेली नव्हती, आणि वादही.